दिवटी आणि बुधली

चौतीस वर्षं मी वायरमन होतो. ‘लाईट गेली’ हे दोन शब्द जितक्या वेळा कानावर पडले, तितक्या वेळा स्वतःचं नावही पडलं नसेल. रात्री दोनला दार वाजलं की बायको अंथरुणातूनच विचारायची, “डीपी का फ्यूज?” निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली, तरी अंधारात एखाद्या घरी दिवा दिसला की डोळा आपोआप खांबाकडे जातो. तार कुठून आलीये ते बघायची खोड काही गेली नाही.

बायबलही मी त्याच खोडीनं वाचतो. रविवारी उपदेशात प्रकाशाबद्दल पुष्कळ ऐकायला मिळतं. प्रकाश म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे पाप, एवढ्यावर बहुतेक उपदेश संपतो. त्यात चूक काही नाही. पण संदेष्ट्यांची पुस्तकं उघडली की तिथं नुसता प्रकाश फार थोडा, दिवे फार. दिवा म्हटला की तेल आलं, वात आली, काजळी आली आणि ते सगळं करणारं कुणीतरी माणूस आलं. संदेष्टा म्हणजे ज्योतिषी नव्हे. पुढचं सांगणं हा त्याच्या कामाचा एक भाग. चालू काळात लोकांना कान धरून सांगणं हा मोठा भाग. त्यामुळे त्याचा दिवा आभाळातला नसतो, शेजारच्या घरातला असतो.

हे मला पहिल्यांदा कळलं ते आजीमुळे. नेवासे तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर वीज नव्हती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आणि रविवारची उपासनाही तेच चालवत. देवळाची (तेव्हा आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) गॅसबत्ती आमच्या घरी असायची. घरात मात्र रॉकेलची चिमणी. पहाटे जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. अंग पांघरुणात, डोळे अर्धे उघडे, भिंतीवर आजीची हलणारी सावली, कोनाड्यात चिमणी आणि घरघर. आवाज आणि उजेड जोडीनंच यायचे, कारण अंधारात दळता येत नाही आणि दळायचं नसेल तर त्या वेळी तेल जाळायला कुणाला परवडतं?

पुढे शाळेत असताना आजोबांनी यिर्मयाचा पंचविसावा अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. इ.स.पू. ६०५ चा सुमार. यरुशलेमेवर यहोयाकीम राजा आहे, बाबेलमध्ये नबुखद्नेस्सर नुकताच गादीवर आलाय. यिर्मया सांगतो की हा देश ओसाड होईल आणि सत्तर वर्षं बाबेलची चाकरी करील. ओसाड म्हणजे काय, तर नवरानवरीचे आवाज बंद होतील, जात्याची घरघर बंद होईल आणि दिव्याचा उजेड दिसणार नाही. मी पुढे वाचत निघालो होतो. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, “थांब जरा. जातं आणि दिवा एकदम म्हणलंय का त्यानं?” मी होय म्हटलं. “मंग त्यो पहाटचं गाव बघत व्हता,” ती म्हणाली.

एवढं नेमकं भाष्य मी नंतर कुठल्या जाड ग्रंथात वाचलं नाही. यिर्मयाला किल्ले पडताना, तलवारी चालताना दाखवता आले असते. इतर ठिकाणी तो ते दाखवतोच. इथं त्यानं पहाटे गावाच्या वेशीवर उभं राहून कान दिला आणि काहीच ऐकू आलं नाही. दिवा नाही म्हणजे घरात बाई नाही, दाणे नाहीत, उद्याची भाकरी नाही. सातशे वर्षांनी प्रकटीकरणाच्या लेखकानं हीच यादी उचलली आणि रोमला ‘बाबेल’ म्हणून तिच्यावर उलटवली: कारागीर नाही, जातं नाही, दिवा नाही, लग्नघर नाही. साम्राज्य मोडल्याची खूण म्हणून त्याला राजवाडा सुचला नाही, जातंच सुचलं.

आपल्याकडे ‘वंशाचा दिवा’ म्हणतात. हा शब्द मराठी बायका कुत्सितपणे कसा म्हणतात तेही आपण ऐकलेलं आहे. इस्राएलातही नेमकी हीच बोली होती. लढाईत दावीद दमला, एका धिप्पाड पलिष्ट्याच्या हातून मरता मरता वाचला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याला शपथेवर सांगितलं की यापुढे तू रणात यायचं नाहीस, इस्राएलाचा दिवा मालवायला नको. शलमोनाच्या राज्याच्या अखेरीला शिलोचा संदेष्टा अहीया रस्त्यात यराबामाला गाठतो, अंगावरच्या नव्या वस्त्राच्या बारा चिंध्या करतो आणि दहा त्याच्या हातात ठेवतो: दहा वंश तुला. दाविदाच्या घराण्याला एक वंश राहू दिला जातो तो यासाठी, की यरुशलेमेत त्याचा दिवा राहावा. पुढं त्या घराण्यातल्या राजांनी काय दिवे लावले ते राजांच्या पुस्तकांत सविस्तर आहे. पण मसीहाची, म्हणजे तेलानं अभिषेक झालेल्या राजाची, जी आशा पुढं वाढत गेली तिचं मूळ या एका जपून ठेवलेल्या दिव्यात आहे.

शमुवेलाच्या बालपणीचा दिवा मला त्याहून आवडतो. शिलो इथलं मंदिर, म्हातारा एली, त्याची नजर गेलेली. दिवा अजून विझलेला नाही, आणि पोरगा तिथंच झोपलाय. दिवा संध्याकाळी लावून सकाळपर्यंत ठेवायचा नियम होता, म्हणजे ही पहाटेच्या आधीची वेळ, तेल तळाला गेलेलं. त्याच मंदिरात एलीचे दोन मुलगे, दोघेही याजक, अर्पणाचं मांस दमदाटीनं उचलून नेत होते. दिव्याखाली अंधार ही म्हण आपली आहे, पण गोष्ट तिथली वाटते.

मंदिराच्या मूळ दिव्याचा तपशील निर्गमच्या पुस्तकात आहे आणि तो एखाद्या एस्टिमेटसारखा आहे. एक किक्कार, म्हणजे सुमारे ३४ किलो सोनं. एकाच लगडीतून घडवलेला. मधला दांडा आणि सहा शाखा. त्यावर बदामाच्या फुलांच्या वाट्या. शिवाय वाती सारायचे चिमटे आणि काजळीच्या ताटल्या, त्याही सोन्याच्या. मराठी बायबलात याला ‘दीपवृक्ष’ म्हटलंय, आणि ज्यानं कुणी हा शब्द योजला त्याला सलाम, कारण तो दिवा झाडासारखाच आहे. पण माझं लक्ष चिमट्याकडे जातं. काजळी झाडायची सोय आधी केल्याशिवाय तो नकाशा पुरा होत नाही.

वातीवरून यशया. त्याच्या बेचाळिसाव्या अध्यायात देवाच्या सेवकाचं वर्णन आहे: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. हे वाचायला गोड वाटतं. मला खात्री करायची होती, म्हणून गेल्या दिवाळीनंतर उरलेली एक मातीची पणती घेतली. मेडिकलच्या दुकानातून ऑलिव्ह तेलाची छोटी डबी आणली, म्हणजे जैतुनाचंच तेल. तिकडे वात जवसाच्या झाडाच्या धाग्याची असे. मला तो मिळाला नाही, जुन्या धोतराची पट्टी वळली. दोन मोठे चमचे तेल घालून पावणेआठला पणती लावली. ज्योत शांत, पिवळी, धूर जवळजवळ नाही. अकरा वाजून गेल्यावर ती आखडत गेली. मग ज्योत गेली आणि वातीच्या टोकाला लाल ठिपका राहिला. त्यातून पांढऱ्या धुराची दोरी निघाली आणि खोलीभर जळक्या चिंधीचा वास. बायको आतून म्हणाली, “ते आधी विझवा बघू.”

हाच तो क्षण. मिणमिणती वात म्हणजे मंद, सुंदर उजेड नव्हे. ती डोळ्यांत जाते, खोकला काढते, आणि कुणीही शहाणा माणूस ती चिमटीत धरून संपवतो. ती वाचवायची तर वाकून तेल घालावं लागतं, वात काडीनं पुढं सारावी लागते आणि बोटं काळी होतात. यशयाचा सेवक ते करतो, असं म्हणणं आहे. मी तेल घातलं, वात सारली. साडेबारापर्यंत पुन्हा चालली.

सफन्याचा दिवा वेगळ्याच कामाचा. त्याच्या पुस्तकात देव हातात दिवे घेऊन यरुशलेमेत घरोघरी झडती घेतो. कुणाची? गाळावर थिजलेल्या द्राक्षारसासारखे जे निवांत बसलेत आणि देव बरंही करत नाही, वाईटही करत नाही असं मनात म्हणतात, त्यांची. मला हे वाचून हसू येतं, कारण आम्ही रात्री टॉर्च घेऊन वीजचोरीचे आकडे शोधायला निघायचो ते असंच. आकडा टाकणाऱ्याचाही पक्का समज असतो की वरून कुणी बघत नाही. आमोस तर उजेडाची हौसच मोडून काढतो. तकोवाचा मेंढपाळ तो, लोक ‘परमेश्वराचा दिवस कधी येणार’ म्हणून वाट बघत होते, त्यांना म्हणाला, तो तुम्हाला उजेड नसून अंधार असेल.

आता जखऱ्या. दिव्यांच्या सगळ्या दृष्टान्तांत हा मला सर्वांत जवळचा, कारण यात वायरिंग आहे.

बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमेचं मंदिर जाळलं, सामान नेलं. पुढं इराणच्या कोरेश राजानं इ.स.पू. ५३८ मध्ये लोकांना परत जायला मोकळीक दिली. परतलेल्यांनी पाया घातला आणि काम थांबलं. शेजाऱ्यांचा विरोध, पैशाची चणचण, आणि खरं सांगायचं तर कंटाळा. पंधरा-सोळा वर्षं पाया उघडा पडून होता. जरुब्बाबेल नावाचा सुभेदार, यहोशवा नावाचा मुख्य याजक, आणि खजिना रिकामा. अशा वेळी, इ.स.पू. ५१९ च्या सुमारास, एका रात्री जखऱ्याला जागं केलं जातं आणि विचारलं जातं: काय दिसतं? सोन्याचा दीपवृक्ष दिसतो, त्याच्या माथ्यावर तेलाचं भांडं, सात दिवे, दिव्यांना नळ्या. आणि दोन बाजूंना दोन जैतुनाची झाडं उभी. त्या झाडांमधून सोन्याच्या नळ्यांतून सोनेरी तेल आपसूक ओघळतंय.

म्हणजे बघा. तेल काढायचं तर फळं झोडायची, कुटायची, गाळायची, घड्यात भरायची, याजकानं रोज संध्याकाळी ओतायची. जखऱ्याच्या दृष्टान्तात मधलं सगळं गाळलंय. झाड थेट दिव्याला जोडलंय. जरुब्बाबेलासाठी निरोप असा, की हे बळानं होणार नाही, सैन्यानं होणार नाही, माझ्या आत्म्यानं होईल. ज्याच्याकडे ना बळ ना सैन्य त्याला हे सांगणं म्हणजे टोमणाही वाटू शकला असता. पण त्यानं ओळंबा हातात घेतला, आणि इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर उभं राहिलं.

ती दोन झाडं कोण, असं जखऱ्या पुन्हा पुन्हा विचारतो. उत्तर मिळतं: हिब्रूतले शब्द सरळ मराठीत आणले तर ‘तेलाचे दोन पुत्र’. बहुधा सुभेदार आणि याजक. हे शब्द वाचताना मला अलिबाग आठवतं. नोकरीतली तीन वर्षं मी तिकडे होतो. तिथल्या इस्राएल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांचं मराठी तुमच्याआमच्यापेक्षा घरचं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा धंदा तेल गाळण्याचा, आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. मीटरच्या कामासाठी त्या आळीत गेलो असताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चहा पाजला आणि म्हणाले, “वायरमन, तुम्ही आत्ता आलात. आधी सगळ्या गावाचा उजेड आमच्याकडूनच जायचा.”

त्यांच्याकडूनच कळलं की हनुक्काच्या शब्बाथला जखऱ्याचा हाच दिव्याचा उतारा सिनेगॉगमध्ये वाचतात. हनुक्का म्हणजे इ.स.पू. १६४ मध्ये बाटवलेलं मंदिर मक्काबी बंधूंनी शुद्ध करून दिवा पुन्हा लावला त्याचा सण. गंमत अशी, की बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज त्याआधीच निघाले होते, नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचं गलबत फुटलं. म्हणून हा सण त्यांना पुष्कळ नंतर इतर यहुद्यांकडून कळला. तेल गाळणाऱ्यांनाच दिव्यांचा सण ठाऊक नव्हता!

त्या दुसऱ्या मंदिराचाही दिवा गेला. इ.स. ७० मध्ये तीतानं यरुशलेम पाडलं, आणि रोममधल्या त्याच्या विजयकमानीवर सैनिक तो सात शाखांचा दिवा खांद्यावरून पळवून नेताना कोरलेले आहेत. १९४९ मध्ये इस्राएल देशानं राजमुद्रा ठरवली तेव्हा दिव्याचा आकार त्या लुटीच्या शिल्पावरून घेतला आणि दोन बाजूंना जैतुनाच्या दोन डहाळ्या ठेवल्या, जखऱ्याच्या.

मंदिर उभं असतानाच्या एका रात्रीबद्दल मात्र सांगायलाच हवं. मंडपांच्या सणात स्त्रियांच्या चौकात सोन्याचे उंच दिवे लावत. तरुण याजक तेलाचे घडे घेऊन शिड्यांवर चढत, आणि वाती कशाच्या, तर याजकांच्या जुन्या विजारी आणि कमरपट्टे फाडून केलेल्या. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या ग्रंथात हे लिहिलंय. त्या उजेडात बाई गहू निवडू शकेल, असं जुने लोक सांगत. येशूनं स्वतःला जगाचा प्रकाश म्हटलं ते याच सणाच्या सुमारास, याच चौकाजवळ. ऐकणाऱ्यांच्या नाकात अजून त्या जुन्या विजारींच्या धुराचा वास असेल.

येशूचा दिव्यांचा मोठा दृष्टान्त दहा कुमारींचा. वर यायला उशीर, दहाही जणी झोपलेल्या, मध्यरात्री हाक. पाच जणींकडे जास्तीचं तेल आहे, पाच जणींकडे नाही, आणि शहाण्या मागूनही देत नाहीत. लहानपणी मला त्या पाच शहाण्या अगदी कद्रू वाटायच्या. आपल्याकडे शेजारणीला विरजण नाही म्हणत नाहीत.

उलगडा झाला तो शेजारच्या घरी खंडोबाच्या जागरणाला. देव्हाऱ्यातून त्यांनी दिवटी-बुधली काढली. दिवटी म्हणजे हातातली मशाल, बुधली म्हणजे तिला तेल पाजायचं भांडं. जोडीतलं एक कधी दुसऱ्याशिवाय निघत नाही. दिवटीला किती तेल लागतं ते मी तेव्हा जवळून पाहिलं. वाघ्या गातोय आणि एक माणूस सारखा बुधली वाकवतोय. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्ये या ठिकाणी घरातल्या पणतीचा शब्द नाही, ‘लाम्पास’ आहे, म्हणजे बहुतेक मशालच. काठीला चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेली. ती पाव-अर्ध्या तासात मागायला लागते. बुधलीतलं अर्धं अर्धं वाटलं असतं तर वरात वाटेतच दहाही जणींसह अंधारात बुडाली असती. मूर्ख पाच जणी दिवटी घेऊन आल्या, बुधली विसरल्या. शेजारच्या कारभाऱ्यांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बिनबुधलीची दिवटी? कोण न्हेतं?”

प्रकटीकरणात पात्म बेटावर योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात. इथं मराठी बायबलात दीपवृक्ष नाही, समई आहे. त्या म्हणजे सात मंडळ्या: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. सगळ्या आजच्या तुर्कस्तानात. नकाशावर बोट फिरवलं तर ही एका फीडरवरची गावं वाटतात, एका फेरीत करता येतील अशी. इफिसच्या मंडळीला ताकीद आहे: तुझी पहिली प्रीती सुटली, सुधारली नाहीस तर तुझी समई जागेवरून काढीन. आज इफिस म्हणजे संगमरवरी अवशेष आहेत. काही उपदेशक इथं हात वर करून ‘बघा!’ म्हणतात. मला ते पटत नाही. नदीच्या गाळानं बंदर भरलं, समुद्र काही किलोमीटर मागे गेला, आणि बंदराचं गाव बंदराबरोबर गेलं. ताकीद गाळाबद्दल नव्हती. मंडळीत सगळं व्यवस्थित चालू होतं, कष्ट होते, शिस्त होती, खोटे प्रेषित ओळखायची हुशारीही होती. फक्त तेल नव्हतं.

आणि शेवटच्या अध्यायात ते नगर येतं जिथं रात्र नाही, दिव्याची गरज नाही, सूर्याचीही नाही. हा अध्याय आजोबांनी एका शनिवारी संध्याकाळी वाचला तेव्हा आमच्या वस्तीवर विजेचे खांब उभे राहून पंधरवडा झाला होता. घरात चाळीसचा बल्ब लागला होता आणि आम्ही पोरं त्याच्याकडे टक लावून बसायचो.

आजीनं विचारलं, “दिवा न्हाई म्हंजी तेल बी न्हाई?”

“नाही,” आजोबा म्हणाले.

“मंग सांजच्याला बाया काय करत्याल?”

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उत्तर काही दिलं नाही. आजी उठली, कोनाड्यातली चिमणी काढली, हलवून पाहिली आणि बल्बच्या उजेडात रॉकेलचा डबा तिरपा करून ती काठोकाठ भरायला बसली.